थंडी बघून आलेला माणूस

आटपाडीत थंडी पडते, हे आटपाडीबाहेर सांगितलं तर लोक हसतात. माणदेश म्हटलं की त्यांना दुष्काळ, टँकर, चारा छावणी आणि हल्ली डाळिंब एवढंच आठवतं. त्यांनी पौषात पहाटे पाचला आमच्या स्टँडवर उभं राहून दाखवावं. हवा कोरडी, वर ढगाचा ठिपका नाही, त्यामुळं दिवसभर तापलेली जमीन रात्रीत सगळी ऊब आभाळाला देऊन मोकळी होते. दुपारी तिसाच्या घरात असलेला पारा पहाटे दहा-बाराला टेकतो. मग चहाच्या गाड्यामागं खोकी पेटतात, घोंगड्यांतनं आणि टॉवेलांतनं नाकं बाहेर येतात आणि कुणीतरी, बहुधा पहिल्या एस्टीचा कंडक्टर, बोलून जातो, “लय गार हाय आज.”

त्यानं गप्प बसायला हवं होतं. शेकोटीच्या पलीकडनं लगेच आवाज येतो, “ही थंडी व्हय?”

हा प्रश्न विचारणारा माणूस आमच्याकडं गल्लीगणिक एक आहे. त्याला कारण आमचा पाऊस. आटपाडी, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं पावसाला कंटाळून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली आणि गलाईत शिरली. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात सोनं शुद्ध करायचं, टंच काढून द्यायचा, असा हा धंदा. देशात जिथं सराफकट्टा आहे, तिथं मागच्या बोळात आमच्याकडचा कुणीतरी मूस आणि भट्टी घेऊन बसलेला सापडतोच. ही माणसं केरळात आहेत, बंगालात आहेत, पंजाबात आहेत, श्रीनगरातसुद्धा आहेत. उमेदीची वर्षं तिकडं काढतात, गावाकडं बंगला बांधतात, पोराला धंद्यावर बसवतात आणि साठीच्या आसपास परत येतात. येताना कुणी पैसा आणतो, कुणी मधुमेह आणतो. ‘तिकडं’ हा शब्द मात्र सगळे आणतात.

थंडीच्या बाबतीत या परतलेल्या मंडळींची एक उतरंड आहे. कोइमतूर, मदुराई, विजयवाडा इकडं आयुष्य काढलेले लोक डिसेंबर-जानेवारीत शेकोटीवर गप्प असतात. इंदूरवाल्यानं बोललं तर चालतं. दिल्लीवाला बोलू लागला की बाकीचे ऐकतात. अमृतसरवाला आला की दिल्लीवाला विडी पेटवतो. आणि ज्यानं एक का होईना हिवाळा श्रीनगरात काढला आहे, तो शेकोटीवर हातच धरत नाही. चार पावलं लांब उभा राहतो. खरं तर मदुराईवाल्यांची पाळी उन्हाळ्यात यायला हवी, पण एप्रिलमध्ये आटपाडीकरांना ऊन शिकवायला कोण धजणार?

आमचे तात्या या उतरंडीच्या टोकावर आहेत. अमृतसरात तीस वर्षं आणि वर श्रीनगरचा एक हिवाळा. शिवाय बाकीच्यांची थंडी नुसती तोंडी असते, तात्यांच्या थंडीला पुरावा आहे. तो त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभा असतो. त्यांची प्रिया स्कूटर.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ साली आली, म्हणून तात्या त्यात नाहीत, असं मी मानतो. तेव्हा माणदेशात स्कूटर नव्हती आणि स्कूटर वगळून तात्या लिहिता येत नाहीत.

ही प्रिया मुळात साताऱ्याची. वेस्पाच्या इटालियन कंपनीशी असलेला बजाजचा करार १९७१ साली संपला. मग १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यात प्रिया तयार होऊ लागली. स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबरची वाट बघायचे ते दिवस. अमृतसरातल्या एका सराफाचा नंबर लागला तोवर त्याच्या पोराचं मन मोटारसायकलवर गेलं होतं. ती गाडी तात्यांनी उचलली. म्हणजे साताऱ्याची लेक पंजाबात दिली गेली आणि तीस वर्षांनी ट्रकात बसून माहेराजवळ परत आली. तात्यांना हे सांगून उपयोग नाही. ते तिला पंजाबची गाडी म्हणतात.

“साताऱ्यात झाली म्हनून काय झालं, मास्तर? घडली कुटं ते बघा.”

तात्यांनी अमृतसरात जे काही पाहिलं, ते सगळं या गाडीच्या हिशेबात लावून ठेवलेलं आहे. थोरल्या मुलाचा जन्म कधीचा? “क्लचप्लेट बदलल्या त्या साली.” बंगल्याचा पाया कधी खणला? “पिस्टन बसवला त्या दिवाळीत.” त्यांचं दुकान गुरू बाजारात, म्हणजे सुवर्णमंदिराच्या अगदी जवळ. १९८४ च्या जूनमध्ये ते तिथंच होते. मी एकदा त्याबद्दल विचारलं. तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “कर्फ्यू हुता. गाडी लय दिस बंद. उघडल्यावर बगितली तर पेट्रोल उडून गेल्यालं. चाळीस-बेचाळीस किका मारल्या तवा लागली.” एवढंच. उन्हाळ्यातली त्यांची ही एकच गोष्ट आहे. पुन्हा विचारलं की ते पुन्हा किकाच मोजतात.

आता गाडी सुरू करण्याचा विधी. उन्हाळ्या-पावसाळ्यात प्रिया फारशी बाहेर निघत नाही. दिवाळी झाली, अंगणात सकाळी पहिल्यांदा तोंडातनं वाफ निघाली की तात्या ताडपत्री काढतात. आधी पेट्रोलचा कॉक सोडायचा. मग गाडी एका अंगावर कलती धरून हळूहळू मोजत थांबायचं, म्हणजे कार्बोरेटरात पेट्रोल नीट उतरतं. मग सीटखालचा चोक ओढायचा. मग पहिल्या तीन किका चावी न लावता, “नुसत्या अंग मोकळं करायला.” चौथ्या किकेला चावी. सातव्या-आठव्या किकेला गाडी एकदा खोकते. तेवढ्यात तात्या समोरच्या माणसाकडं बघतात. तो समोरचा माणूस पुष्कळदा मीच असतो, कारण मी शेजारी राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. माझं डोकं हललं पाहिजे अशी त्यांची अपेक्षा असते. मग प्लग काढायचा, काजळी पॉलिशपेपरनं घासायची, प्लग बंबाजवळ धरून जरा तापवायचा, परत बसवायचा. बाराव्या किकेला गाडी लागते आणि गल्ली निळ्या धुरानं भरून जाते. समोरच्या घरातली वाळवणं आत जातात. तात्या अ‍ॅक्सिलेटर पिळत उभे राहतात आणि ओरडून सांगतात, “तिकडं ह्याला अर्धा तास लागायचा!”

या विधीत निम्मं शास्त्र आहे हे मी कबूल करतो. पेट्रोल पातळ स्वरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते आणि थंडीत ही वाफ नीट होत नाही. चोक ओढला की हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि त्यातली जेवढी वाफ होते तेवढी ठिणगीला पुरते. प्लग तापवणंही वेडेपणाचं नाही. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं, थंडीत तेही घट्टावतं, केबलींतलं ग्रीस घट्टावतं, गिअर चिकटतात. पण किकवर चालणाऱ्या जुन्या स्कूटरची एक बाजू तात्या बरोबर ओळखून आहेत: तिला सुरू व्हायला बॅटरी लागत नाही. शिशाची बॅटरी उणे अठरा-वीस अंशांना निम्मी होऊन बसते. किक मारणारा पाय मात्र, तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे, थंडीत दुप्पट होतो.

उरलेलं निम्मं शास्त्र नाही. आटपाडीच्या बारा अंशांना कुठलीही धडधाकट स्कूटर दुसऱ्या-तिसऱ्या किकेला लागायला हवी. तात्यांच्या गाडीच्या रिंगा झिजलेल्या आहेत, कार्बोरेटरात गाळ आहे. बारा किका त्या कारणानं लागतात. हे गावातल्या प्रत्येक मेकॅनिकला माहीत आहे. एकानं गेल्या वर्षी फुकट सर्व्हिसिंग करून देतो म्हटलं, तर तात्यांनी त्याच्याकडं हवा भरायचीही बंद केली.

हल्ली त्यांना एक नवी तक्रार मिळाली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. “गाडीला ऊस पाजत्यात, मास्तर! ऊस खाऊन कुटं थंडीत पळती व्हय?” सांगली जिल्ह्यात राहून उसाबद्दल असं उघडपणे बोलायला छाती लागते. तरी मी त्यांना सांगितलं की या बाबतीत त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. अल्कोहोलची थंडीत वाफ होणं पेट्रोलहून अवघड. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारींना फक्त थंडीत सुरू होण्यापुरती पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी देत असत. हे सांगून मी पस्तावलो. दुसऱ्या दिवशी शेकोटीवर ब्राझीलची थंडी आटपाडीच्या थंडीपेक्षा किती बरी, यावर तात्या बोलत होते.

गेल्या पौषात मी त्यांच्या मागं बसून खरसुंडीला गेलो. सिद्धनाथाची पौषातली यात्रा म्हणजे खिलार जनावरांचा मोठा बाजार, आणि खोंड बघायची असतील तर दिवस उगवायच्या आत तिथं पाहिजे असं तात्यांचं मत. खोंड घ्यायचे नव्हते. तात्यांनी आयुष्यात जनावर घेतलेलं नाही. मी एस्टीनं जाऊ म्हणालो.

“येस्टीत थंडी कळती व्हय?”

साडेचारला ते दारात हजर. डोक्यावर मंकीकॅप, त्यावर मफलर, त्यावर हेल्मेट. हेल्मेट डोक्यावर बसत नव्हतं, मफलरवर तरंगत होतं. दोन स्वेटर, वर शर्ट. “शर्ट वर कशाला, तात्या?” “स्वेटरच्या भोकातनं वारं शिरतंय. शर्टातनं न्हाई.” आणि शर्ट-स्वेटरच्या मधे वर्तमानपत्र. हा अमृतसरचा नेम. छातीवर वर्तमानपत्राची चार पानं घालून निघायचं, दुकानात पोचल्यावर तेच काढून वाचायचं. वर्तमानपत्रांची तात्यांची प्रतवारी यावरच आहे. कोणता अंक ऊब धरतो आणि कोणता नुसता वाजतो, हे त्यांना छातीवर घेतल्याबरोबर कळतं. रविवारचा अंक ते पुरवणीसकट सोमवारसाठी राखून ठेवतात. त्यांनी मलाही दिवाळी अंकाची मधली पानं दिली. दिवाळी अंकांचा असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला. पुष्कळ अंकांना तो सुचवावासा वाटतो.

गाडी निघाली आणि माझ्या लक्षात आलं की स्कूटरवर थंडीत सर्वांत सोयीची जागा मागची. पुढं शिल्ड आणि त्यामागं तात्या. वेस्पा इटलीत १९४६ साली निघाली तीच मुळी पायांवर चिखल-पाणी उडू नये, कपडे खराब होऊ नयेत या हिशेबानं. म्हणून पुढं पत्र्याची ढाल, इंजिन सीटखाली झाकलेलं. पोटापासून खाली त्या ढालीनं पुष्कळ वारा अडतो. वर मात्र सगळं उघडं. हवा दहा अंशांची असली आणि गाडी ताशी चाळीसनं जात असली, तर उघड्या कातडीला ती सहा अंशांसारखी बोचते, असं वाऱ्याच्या गारठ्याचं गणित आहे. मी ते तात्यांना मागून ओरडून सांगितलं.

“आनि साठनं गेलं तर?”

“अजून कमी!”

त्यांनी अ‍ॅक्सिलेटर पिळला. गाडी मुळात पस्तिसाच्या वर जात नाही, म्हणून मी आज हे लिहू शकतो.

वाटेत चहाला थांबलो. तात्यांनी हातमोजे काढले. हँडलच्या दोन्ही मुठींना काकींनी विणलेल्या लोकरीच्या पिशव्या आहेत, त्यात हात घालून गाडी चालवायची; तरी बोटं वाकडीच्या वाकडी राहिली होती आणि कप धरता येत नव्हता. थंडीत स्कूटर चालवणाऱ्याचं पहिल्यांदा जातं ते बोट. ब्रेक दाबायचा आहे हे डोक्याला कळतं आणि बोटाला कळत नाही. तात्यांनी बशीत चहा ओतला, दोन्ही तळव्यांत बशी धरली आणि चहावाल्याला अमृतसरच्या धुक्याची गोष्ट सांगायला घेतली. चहावाल्याला ती पाठ होती. तो मधेमधे पुढचं वाक्य पुरवत होता.

तिकडं जानेवारीत धुकं असं उतरतं की पुढं धरलेला हात दिसत नाही. अशा वेळी पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा धरून चालवायचं. एका रात्री तात्यांनी एका ट्रॅक्टरचा दिवा धरला. ट्रॅक्टर वळला, तात्या वळले. ट्रॅक्टर थांबला, तात्या थांबले. धुक्यातनं दोन माणसं आली आणि तात्यांच्या गळ्यात हार घातला. लग्नाचं घर होतं. मुलाकडचे आले म्हणून त्यांना मांडवात नेलं.

“मग?”

“मग काय? जेवलो. मक्की की रोटी, सरसों का साग, वर लोनी. उटताना अकरा रुपय आहेर केला. आनि ज्याला हार घालायचा हुता, त्यो धुक्यात कुटंतरी माझ्या दुकानापाशी जाऊन थांबला आसंल!”

हे शेवटचं वाक्य चहावाल्यानं आणि तात्यांनी एकदम म्हटलं.

श्रीनगरची गोष्ट मात्र ते अशी कुठंही सांगत नाहीत. ती शेकोटीसाठी राखीव. भाच्याची भट्टी तिकडं होती, तो आजारी पडला म्हणून एका हिवाळ्यात तात्यांनी ती चालवली. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना तिकडं चिल्लई कलान म्हणतात. नळ गोठतात, दल सरोवराचं पाणी गोठतं, माणसं फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन हिंडतात. भाच्याची एक जुनी स्कूटर होती. रस्त्यावर बर्फाचा कडक पापुद्रा. त्यावर स्कूटर घालायची म्हणजे हातभर चाकं आणि इंजिनाचं वजन एका अंगाला. तात्यांनी सांगितलेली युक्ती मला पटते: टायरमधली हवा थोडी कमी करायची, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, दुसरा गिअर सोडायचा नाही, दोन्ही पाय खाली घासत न्यायचे. शेवटची युक्ती त्यांनी सांगितली ती अशी, की जमलंच तर चालत जायचं.

इथवर सगळं ठीक. पण ऐकणारे वाढले की गोष्टही वाढते. एका पौषात शेकोटीवर सात-आठ जण होते, त्यात दिल्लीवालाही होता. तात्या म्हणाले, “सकाळी टाकी उघडली तर आत पेट्रोलचा खडा.”

मी मास्तर असल्यामुळं मला राहवलं नाही. म्हटलं, तात्या, पेट्रोल असं गोठत नाही, त्याला उणे चाळिसाच्याही खाली जावं लागतं. डिझेलचं म्हणाल तर खरं. त्यातलं मेण थंडीत साखळतं आणि गाड्या बंद पडतात. म्हणून तर इंडियन ऑइलनं २०१९ साली लडाखसाठी उणे तेहतीस अंशांपर्यंत पातळ राहणारं डिझेल काढलं. पण पेट्रोल नाही.

शेकोटी शांत झाली. दिल्लीवाल्यानं पहिल्यांदाच मान वर केली.

तात्या थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “डिझेलचीच स्कूटर हुती ती.”

खरी गोष्ट उघड झाली ती आप्पांमुळं. आप्पा म्हणजे तात्यांचे गुरू बाजारातले भागीदार, गाव भिवघाटाच्या पलीकडं, उत्तरेश्वराच्या यात्रेला आले होते. संध्याकाळी अंगणात बसलो होतो. तात्या आत पान आणायला गेले, तेव्हा मी सहज म्हटलं, तुम्ही दोघांनी तिकडं फार थंडी सोसली.

“कुनी? ह्यानं?” आप्पांनी हात झटकला. “मास्तर, भट्टीफुडं बसनाऱ्याला कसली थंडी? जानेवारीत ह्यो उघडा बसायचा, बंडी बी न्हाई. घामोळं यायचं ह्याला! भाईरली गिऱ्हाइकं शेकायला आमच्या दुकानात यायची. ह्याला थंडी घावली ती फकस्त घरनं दुकानापातूर. स्कूटरवर. जाताना एकदा, येताना एकदा.”

चांदी ९६२ अंशांना वितळते आणि सोनं १०६४ अंशांना. तीस वर्षं तात्यांचे दिवस त्याच्या हातभर अंतरावर गेले. आटपाडीतल्या थंडीवरचं हे सर्वोच्च न्यायालय आयुष्यभर विस्तवापाशी बसलेलं होतं, आणि त्यांनी आणलेली पंजाबची सगळी थंडी त्या गाडीवरच्या दोन फेऱ्यांत गोळा केलेली होती. ताडपत्रीखालच्या गाडीकडं त्या दिवशी मी जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

तात्या पान घेऊन बाहेर आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावर काही फरक नाही. त्यांनी आप्पांच्या हातात पान दिलं.

“मग? घामानं भिजल्यालं अंग घिऊन रातचं नवाला स्कूटरवर बसून बघ की. तू चालत जायचास. तुला काय ठावं?”

आप्पा चालत जायचे हे खरं होतं. ते गप्प बसले. मला मात्र वाटतं, थंड मुलखात स्कूटर चालते का, या प्रश्नाचं पुरं उत्तर मला त्या अंगणात मिळालं. चालते. गाडीचं फार काही अडत नाही. चालवणाऱ्याला दुसऱ्या टोकाला भट्टी पाहिजे. इटलीच्या उत्तरेकडं हिवाळा आमच्याहून कडक असतो आणि तिथंही माणसं वेस्पावरनं कामावर जातच होती, असं मी नंतर तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, “गलाईवालंच आसतील.”

गेल्या वर्षी नातवानं इलेक्ट्रिक चेतक आणली. चेतक हे नाव बजाजनं १९७२ साली पहिल्यांदा स्कूटरला दिलं. पेट्रोलवरची चेतक पुढं बंद झाली आणि २०२० मध्ये त्याच नावाची बॅटरीवरची बाजारात आली. नारळ फोडायला सगळे जमले. तात्यांनी गाडीला फेरी मारली. उजव्या अंगानं वाकून बघितलं.

“किक कुटाय?”

“नसती, तात्या.”

“चोक?”

“न्हाई.”

“पेट्रोलचा कॉक?”

नातवानं बटण दाबलं. आवाज झाला नाही, धूर झाला नाही. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांना आधार म्हणून सांगितलं की लिथियमची बॅटरी कडक थंडीत कमी अंतर जाते आणि शून्याखाली चार्ज केली तर बिघडते. तात्यांचा चेहरा उजळला. त्यांनी नातवाला विचारलं, “शून्याखाली आटपाडी कवा जाती?” नातू म्हणाला, “कवाच न्हाई.” तात्या म्हणाले, “तेच म्हनतो मी. हितं थंडीच न्हाई.” आणि समाधानानं नारळाचा तुकडा तोंडात टाकला.

या उन्हाळ्यात पुण्याहून एक तरुण आला. जुन्या स्कूटर गोळा करण्याचा नाद असलेला. साताऱ्याची प्रिया, एकाच माणसाकडं चाळीस वर्षं, मूळ रंग, पंजाबची जुनी पाटीही जपलेली. हे सगळं त्यानं कुणाकडनं तरी ऐकलं होतं. एप्रिल महिना, दुपारचे तीन, अंगणात उभं राहवत नव्हतं. त्यानं ताडपत्री काढली आणि बराच वेळ बोललाच नाही. मग तीस हजार म्हणाला. तात्या हलले नाहीत. चाळीस म्हणाला. आटपाडीच्या बाजारात २०२० साली एका माडग्याळी मेंढ्याला सत्तर लाख द्यायला गिऱ्हाईक तयार होतं आणि मालकानं दीड कोट सांगितले होते, हे पेपरात आलं होतं. चाळीस हजारांना इथं कोण भाळणार? पोरगा पन्नासावर आला. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“एकदा चालू करून दाखवाल का?” पोरानं विचारलं.

तात्यांनी कॉक सोडला. गाडी कलती धरली. चोक ओढला. तीन किका चावी न लावता. चौथी चावी लावून. दहा झाल्या, वीस झाल्या. प्लग काढला, घासला, बसवला. सदरा पाठीला चिकटला. पोरगा म्हणाला, “राहू दे काका, मी मारून बघतो.” तात्यांनी त्याला हातानंच मागं सारलं. आणखी दहा मारल्या. गाडी खोकलीसुद्धा नाही.

तात्यांनी चोक आत ढकलला, कॉक बंद केला, ताडपत्री ओढली आणि तिची दोरी सावकाश बांधली.

“ही थंडीची गाडी हाय,” ते म्हणाले. “उन्हात न्हाई लागायची. तुमी पौषात या.”